विषाची परीक्षा

विषाची परीक्षा घेऊ नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. आमचा मेहुणा नेमकी तीच घेतो आणि त्याबद्दल सरकार त्याला दरमहा पगार देते. तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत आहे. पेपरात 'व्हिसेरा राखून ठेवला' असे छापून येते ना, तो व्हिसेरा शेवटी अशांच्याच टेबलावर येतो. तो बहुधा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात, ही माहिती त्याने आमच्या घरी पहिल्यांदा दिली तेव्हा ही कैरीच्या फोडींना मीठ लावत होती. त्या वर्षीचे लोणचे मी एकट्याने संपवले.

गेल्या वर्षी एका परिषदेत त्याला निबंध वाचायचा होता. "भावोजी, चला. तुम्हाला हवापालट, मला धीर," असे म्हणून त्याने मला बरोबर नेले. बी.कॉम. झालेल्या माणसाला विषातले काय कळणार? पण छातीवर 'सोबतची व्यक्ती' असा बिल्ला लागला, खांद्याला पिशवी आली आणि मी चहाच्या रांगेत उभा राहिलो. पुढचे गृहस्थ एका जठरात शेवटचे जेवण कुठवर पचले होते ते मोठ्या आपुलकीने सांगत होते. ऐकणारा तितक्याच आपुलकीने बटाटेवडा खात होता. मी नुसता चहा घेतला. तोही आधी दुसऱ्याला पिऊ दिला.

सभागृहात प्रत्येकाला दहा मिनिटे, नवव्या मिनिटाला घंटा. मला वाटले होते, लोक आपापले पराक्रम सांगतील. पण बरेच जण आपण कुठे फसलो तेच सांगत होते! आमच्याकडे कॅशमध्ये फरक आला तर तो दाराला कडी लावून शोधतात. इथे माइकवरून जाहीर करत होते.

मेहुणा म्हणाला, "भावोजी, हे शास्त्र फसण्यातूनच मोठं झालंय." मग त्याने जेम्स मार्शची गोष्ट सांगितली. इंग्लंडात एका नातवावर आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याचा खटला झाला. मार्शला सोमल सापडला. पण त्याचा पिवळा साका ज्यूरीपुढे येईपर्यंत खराब झाला आणि आरोपी सुटला. चरफडलेल्या मार्शने नवी कसोटी शोधली आणि १८३६ साली छापून सगळ्यांच्या हवाली केली. "स्वतःच्या खिशात ठेवली असती, तर सोमल एकट्या मार्शलाच सापडत राहिला असता."

मग तो स्वतः उभा राहिला. विषय होता, मेल्यावर शरीरात तयार होणारी दारू. प्रेत कुजू लागले की जंतू शरीरातल्या साखरेपासून दारू बनवतात. म्हणून रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालावे. पण बाटलीत यायच्या आधी जे झाले ते त्याने पुसले जात नाही. म्हणून डोळ्यातला द्रवही तपासावा. तिथे जंतू उशिरा पोचतात. शिवाय माणूस खरोखर प्यायला असेल, तर शरीर एथिल ग्लुकुरोनाइड नावाचा पदार्थ बनवते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्यायलेल्या दारूची पावती मागे राहते. कुजून झालेल्या दारूची सहसा राहत नाही.

मी ताठ बसलो. मला आमच्या काउंटरवर येणाऱ्या एक बाई आठवल्या.

चार महिने त्या येत होत्या. नवरा स्कूटरसकट घाटात कोसळला होता आणि मे महिन्याच्या उन्हात तिसऱ्या दिवशी सापडला होता. रक्तात दारू निघाली म्हणून अपघात विम्याचे पैसे नाकारले गेले. "साहेब, माळकरी माणूस हो ते," त्या म्हणायच्या. मी तोंडाने 'हो, हो' म्हणायचो आणि मनात म्हणायचो, 'बाई, माळ घशाच्या बाहेर असते.' हे वाक्य मी कॅन्टीनमध्येही ऐकवले होते. लोक हसले होते.

निबंध संपला. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "आमच्याकडे असंच एक प्रकरण आलं होतं. आम्ही नुसतं 'दारू आढळली' असं लिहून पाठवलं," एवढेच बोलून ते बसले. कोणी हसले नाही.

बाहेर आल्यावर मी मेहुण्याला त्या बाईंचे सांगितले. तो म्हणाला, "असं होऊ शकतं. पण झालंच होतं, असं कागद पाहिल्याशिवाय मी म्हणणार नाही."

परत आल्यावर मी बाईंना अर्ज लिहून दिला.

"म्हणजे ते प्यायले नव्हते, असं लिहिलंत ना?"

"तसं लिहिता येत नाही. प्यायलेच होते असं म्हणता येत नाही, एवढंच लिहिलंय. अहवाल पुन्हा तपासा म्हणून."

त्यांनी कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला. "चार महिन्यांत एवढंही कुणी म्हटलं नव्हतं."

अर्जाचे उत्तर यायचे आहे. दुपारी कॅन्टीनमध्ये मी ते माळेचे वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखवले. या वेळी आपण कुठे फसलो त्यासकट. दहा मिनिटेही लागली नाहीत. घंटा वाजायची वेळच आली नाही.