आबांची चिंधी

आमच्या घरात .315 बोअरची रायफल आहे. ईशापूरच्या कारखान्यातली, पाच गोळ्यांच्या मॅगझिनची. लष्कराची .303 ची गोळी रयतेच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांच्या काळात हा वेगळा बोअर ठेवला गेला. बाकी बोल्टची रचना त्याच जुन्या ली-एनफील्डची. परवाना आजोबांचा होता, मग वडिलांचा, आता माझा. रायफल अशी वारशानं आली, पण ती हाताळायची अक्कल वारशानं आली नाही. ती आबांनी दिली. आबा आमच्या भावकीतले नव्हेत, सोयरेही नव्हेत. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन शेजारच्या वाडीत राहिलेला माणूस, एवढीच ओळख.

आमचं गाव राधानगरी तालुक्यातलं. दाजीपूरचं रान कोल्हापूर संस्थानचं शिकारीसाठी राखलेलं. 1958 साली तिथं अभयारण्य झालं आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीच्या शौकाला लगाम बसला. बरंच झालं. उरलं ते शेतीसंरक्षण. उसात डुकरं घुसली की त्यांना हुसकायला एखादा बार काढायचा, तोही मातीच्या उंच बांधात. हवेत उडवू म्हटलं की आबा खवळायचे. “वर गेल्याली गोळी खाली येतीया, तवा खाली कोन हाय ते तुला ठावं हाय का?”

खंडेनवमीला पूजेत हत्यार ठेवायचं म्हणून आदल्या दिवशी आबा नळी साफ करायला यायचे. सोप्यात घोंगडं अंथरलं जायचं. पण त्याआधी काडतुसांची पेटी आतल्या खोलीत जायची आणि दाराला कडी लागायची. एक गोळीसुद्धा सोप्यात नको. मग नळीचं तोंड रिकाम्या परसाकडं, मॅगझिन बाहेर, बोल्ट मागं. आबा चेंबरात डोकवायचे आणि वर करंगळी घालून चाचपायचे. मी एकदा म्हणालो, “आबा, दिसतंय की रिकामं.” “डोळ्याला दिसलं तरी बोटाला इचारावं, बाळ.” त्यानंतर बोल्ट पूर्ण काढून स्वतःच्या मांडीशी ठेवायचे. बोल्ट बाहेर आला की ती नुसती नळी, असं त्यांचं म्हणणं. आणि तरीही ती कुणाच्या अंगावर रोखायची नाही.

गज घालायचा तो मागून, चेंबरकडून. तोंडाकडून घातला तर त्याच्या घाशीनं नळीच्या शेवटाची कड झिजते, आणि गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेचा. ती वाकडी झाली की नेम गेला. आधी पितळी ब्रश, मग चिंध्या. काळी चिंधी टाकायची, दुसरी घ्यायची, पांढरी बाहेर येईपर्यंत. लष्करात पुलथ्रूच्या दोरीला चार इंच बाय दोन इंचांची चिंधी लावून ओढत, तेच माप आबांनी सोडलं नव्हतं. चिंधी अडकली तर? हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. जोरानं रेटायची नाही, मागून दुसरी घालायची नाही, आणि गोळी झाडून काढायचं तर मनातसुद्धा आणायचं नाही. नळी फुटते आणि फुटते ती चेहऱ्याजवळ.

.303 च्या दिवसांत चांदमारीहून आल्यावर नळीत उकळतं पाणी ओतत, असं ते सांगायचे. काडतुसाच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार आत राहतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि गंज चढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. पाणी झालं की नळी खडखडीत कोरडी, मगच तेलाचं पातळ बोट. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतींना घाम येतो, म्हणून रायफल कातडी म्यानात बांधून ठेवायला त्यांची सक्त मनाई. म्यान ओल धरतं. बार काढायच्या आधी तेल पुसून घ्यायचं, हेही त्यांचंच. काम चालू असताना बिडी नाही, खिडकी उघडी, आणि शेवटी साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही, कारण त्या काजळीत शिसं असतं.

ह्या सगळ्याचा कंटाळा यायचा, हे खरं. पण एका निवडणुकीत जमा केलेली रायफल परत आली तेव्हा आबा नव्हते. वर्ष झालं होतं त्यांना जाऊन. रात्री उसात डुकरं होती, गडी दारात उभा होता. सवयीनं बोल्ट काढला, मागून बॅटरी मारली. उजेड पलीकडं दिसेना. गज घातला तर अर्ध्यावर थटला. कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं होतं, वाळून घट्ट झालेलं. त्या रात्री डुकरांनी ऊस खाल्ला. सकाळी रायफल परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडं दिली.

आजोबांनी एकदा आबांना तांदळाचं पोतं देऊ केलं होतं. त्यांनी चहा तेवढा घेतला. माझ्याकडून त्यांनी काहीच घेतलं नाही, आणि माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत.

तुमच्या घरी परवान्याचं हत्यार असेल तर पूजेला काढण्याआधी गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबरात डोळाही घाला आणि बोटही, आणि बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा. दिसला नाही तर त्या दिवशी नुसती हळदकुंकवाची पूजा करा.