रेघ कुठल्या बाजूला?

स्क्रीनसेव्हर हा काय लिहिण्याचा विषय आहे, असे कोणी विचारील. संगणक रिकामा राहिला की पडद्यावर काहीतरी हलू लागते, माऊस हलवला की ते जाते, संपले. आमच्या शिक्षक-खोलीतही हेच मत आहे. पण मालेगावसारख्या गावात, उर्दू माध्यमाच्या नववीच्या जमातीला संगणक शिकवताना आम्हाला जे उमगले ते बी.एड.च्या कुठल्याच पेपरात नव्हते. ते या हलत्या चित्रांनी दाखवले.

जुन्या जाड काचेच्या मॉनिटरला आतून फॉस्फरचा लेप असे. एकच मजकूर तासन्तास एका जागी राहिला की तिथला लेप जळायचा आणि त्या अक्षरांची सावली कायमची उमटायची. म्हणून पडदा हलता ठेवणारे प्रोग्रॅम निघाले. आजच्या सपाट पडद्यांना त्याची फारशी गरज उरलेली नाही, तरी शौक उरला. लिनक्सवरचा एक्सस्क्रीनसेव्हर जेमी झाविन्स्की यांनी १९९२ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. त्यात दोनशेहून जास्त देखावे आहेत आणि प्रत्येक देखावा म्हणजे एक स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम. त्यातला एक, नाव फॉस्फर, जुन्या पडद्यावर अक्षरे कशी उजळत आणि हळूहळू विझत, त्याचीच नक्कल करतो. ज्या दुखण्यावर औषध म्हणून ही चीज निघाली, त्याच दुखण्याचा तमाशा! आम्हाला तो फार आवडतो.

या प्रोग्रॅमला बटणे दाबून हुकूम देण्याची खिडकी आहे. ती आम्ही मुलांना दाखवली नाही. खिडकीत मूल फक्त कुठे दाबायचे ते शिकते, आणि खिडकी बदलली की शिकलेले वाया जाते. म्हणून काळ्या टर्मिनलमध्ये हुकूम टाइप करायचा. एक्सस्क्रीनसेव्हर-कमांड, मग एक जागा मोकळी, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून अ‍ॅक्टिव्हेट. एंटर दाबले की पडदा लगेच नाचू लागतो. अ‍ॅक्टिव्हेटच्या जागी नेक्स्ट लिहिले तर पुढचा देखावा, एक्झिट लिहिले तर सारा कारभारच बंद.

“शब्दाच्या आधी रेघ द्या,” असे फळ्यासमोर उभे राहून सांगितले की पुढे काय होते ते उर्दू शाळेतल्या प्रत्येक मुअल्लिमला ठाऊक असेल. निम्म्या मुलांनी रेघ शब्दाच्या उजवीकडे दिली. एका मुलीने उठून विचारले, “सर, आधी म्हणजे कुठल्या बाजूला?” प्रश्न अगदी बरोबर होता. जी पोरगी सात-आठ वर्षे उजवीकडून लिहीत आली, तिच्या हाताला ‘आधी’ म्हणजे उजवी बाजू. गणिताच्या तासाला ती डावीकडून लिहिते, मराठी आणि इंग्रजीच्या तासाला डावीकडून, बाकी सगळे उजवीकडून. दिवसातून पाच-सहा वेळा तिचे मन दिशा बदलते आणि त्याचे गुण तिला कोणी देत नाही. एखादी रेघ चुकली की मात्र “उर्दूवाल्यांना कॉम्प्युटर जमत नाही” हे ऐकावे लागते. ते बाहेरचे लोक म्हणतात तसे आपलेही म्हणतात. आमच्या वर्गात आता ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द बंद आहेत. डावी, उजवी, एवढेच.

खरी गंमत पुढे आली. या प्रोग्रॅमच्या साऱ्या आवडीनिवडी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. तिच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असते, म्हणून ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. टाइमआउट या शब्दापुढे ०:०५:०० लिहिले की पाच मिनिटांनी देखावा सुरू. देखाव्यांच्या यादीत एखाद्या ओळीच्या डाव्या टोकाला वजाची खूण दिली की तो देखावा बाद. हे समजावण्याची वेळच आली नाही. लूमवर वाढलेली पोरे ती. डॉबीच्या पट्टीवर खुंटी असेल तिथे ताण्याचे धागे उचलले जातात, खुंटी काढली की नक्षी बदलते, हे त्यांनी घरात पाहिलेले. “सर, ये तो खुंटी निकालना हुआ,” एकजण म्हणाला. आमच्या तासाभराच्या व्याख्यानाचे काम त्याने एका ओळीत केले.

यादीत पेनरोझ नावाचा देखावा आहे. दोनच आकारांच्या चौकोनांनी तो पडदा भरतो आणि नक्षी कधीच जशीच्या तशी पुन्हा येत नाही. रॉजर पेनरोझ यांनी ही रचना १९७० च्या दशकात मांडली. (१९९७ मध्ये हीच नक्षी टॉयलेट पेपरवर छापली म्हणून त्यांनी एका कंपनीवर दावा लावला होता!) २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम इमारतीवरची १४५३ ची नक्षी या रचनेच्या फार जवळ जाते. हे सांगितले की आपल्या जलशांत लगेच “सब कुछ हमारे यहाँ पहले से था” सुरू होते. मुलांना आम्ही तेवढेच सांगितले जेवढे आहे. त्या कारागिरांकडे पाच आकारांची एक हुशार रीत होती. ती नक्षी का पुन्हा येत नाही याचे गणित नंतरचे. दोन्हींची इज्जत करायला जागा आहे.

मग मुलांनी पडद्यावर उर्दू मागितली. साध्या एक्सटर्ममध्ये ‘किताब’ लिहून पाहा. काफ, ते, अलिफ, बे ही चारही हुरूफ सुटी सुटी, डावीकडून उजवीकडे उभी राहतात. उजवीकडून वाचणाऱ्याला दिसते बे, अलिफ, ते, काफ. नस्तालीकमध्ये शब्द उताराने खाली येतो, अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकसारखी खोली देतो. मुले हसली, पण ती मुलगी हसली नाही. “आमचं नाव पण असंच येणार?” तिने विचारले.

यावर तोड निघाली ती त्याच फाइलमधून. जीएलस्लाइडशो हा देखावा एखाद्या फोल्डरमधली चित्रे हळूहळू सरकवत दाखवतो. मुलांनी खुशखतीच्या वहीत कलमाने आपापली नावे लिहिली, आम्ही त्यांचे फोटो काढले. फोटो मोठे ठेवायचे, कारण अगदी लहान चित्रे हा प्रोग्रॅम उचलत नाही. फाइलमध्ये चूझरँडमइमेजेस या शब्दापुढे ट्रू, ग्रॅबडेस्कटॉपइमेजेसपुढे फॉल्स, आणि इमेजडिरेक्टरीपुढे फोल्डरचा पत्ता. तीन ओळी. टाइप त्या मुलीने केल्या, डावीकडून.

पालकसभेच्या दिवशी संगणक-खोली उघडी होती. रात्रपाळी करून आलेले एक वडील दारात चप्पल काढून उभे राहिले आणि पडद्यावर आपल्या लेकीचे नाव येईपर्यंत थांबले. अकरावे आले. मग दुसऱ्यांदा येईपर्यंतही थांबले. संस्थेच्या एका सदस्यांनी मात्र विचारले, यात अभ्यास कोणता? आम्ही त्यांना ती फाइल उघडून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चहाचे विचारले.

आता एका मुलाला हे पाहायचे आहे की ‘लॉक’ या ओळीपुढे फॉल्सच्या जागी ट्रू लिहिले तर काय होते. पडदा पासवर्ड मागेल, आणि तो मुख्याध्यापकांच्या वहीत आहे. सोमवारी वही मागून आणतो, असे आम्ही त्याला सांगितले आहे.