केबलला ढील हवीच

एक्सिलरेटरच्या केबलला ढील असणं म्हणजे मिस्त्रीचा आळस, असं माझं कित्येक वर्षांचं ठाम मत होतं. मूठ केसभर फिरली की इंजिनाने ओ दिली पाहिजे, मधे रिकामी जागा कशाला? बुलेट घेतल्यापासून मी केबल ताणून ठेवायचो आणि दोस्तांच्या गाड्यांची मूठ हलवून नाक मुरडायचो. आज त्याच केबलला मी मोजून २-३ मिलिमीटर ढील ठेवतो.

मत बदललं ते उंच हँडलमुळे. लांबच्या प्रवासात पाठ अवघडते म्हणून पुण्यात नाना पेठेतून ते आणलं. केबल जुनीच ठेवली, कारण ती मुठीपर्यंत पोचत होती. हँडल सरळ असताना पोचत होती, एवढंच. पहिल्याच यू-टर्नला हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि मूठ न पिळता इंजिन रेस झालं. डावीकडे वळताना उजवी मूठ पुढे जाते आणि टाकीखालून कार्बोरेटरकडे जाणारी केबल ताणली जाते. १८९६ साली अर्नेस्ट बोडन यांनी पेटंट घेतलेल्या या जातीच्या केबलचं सगळं काम आउटरच्या, म्हणजे बाहेरच्या नळीच्या, भरवशावर चालतं. तो आखूड पडून टोकाशी बसणीतून उचलला गेला, की आतली तार कुणी न ओढताच ओढली जाते आणि कार्बोरेटरमधली स्लाइड वर येते. ऐन वळणावर, गर्दीत, हळू वेगात गाडी आपणहून पुढे झेपावते. मी ज्या ढिलीला नावं ठेवत होतो, ती या वळणासाठीची शिल्लक होती.

मिस्त्रींना म्हटलं, ॲडजस्टर आत घ्या, झालं. ते म्हणाले, "साहेब, आटे फिरवून वायर लांब होत नाही."

हे वाक्य मला अजून पुरतंय. ॲडजस्टर आहे तो मिलिमीटरांचा हिशेब जुळवायला. हँडल काही इंच उंच झालं असेल तर लांब केबलच लागते. हँडल खाली घेतलं असेल तर उलट घोळ: जादा केबलचा फुगा होतो, ती स्टिअरिंगच्या मानेशी अडकते किंवा तिला तीव्र बाक येतो, मग सोडलेली मूठ झटकन मागे येत नाही. काही जण रेस झाकायला आयडलिंगचा स्क्रूच कमी करतात. मग सिग्नलला गाडी बंद पडते आणि दोष पेट्रोलला!

आता माझा क्रम वेगळा आहे. इंजिन बंद ठेवून आधी केबलची वाट बघतो: कुठे दबते, कुठे वळते. मग कार्बोरेटरकडच्या ॲडजस्टरने ढोबळ आणि मुठीजवळच्या ॲडजस्टरने बारीक ढील लावतो, चेकनट आवळतो, रबर परत चढवतो. दोन केबलींच्या गाडीत दोन्ही सैल करून आधी ओढणारी लावायची, नंतर परतीची. क्लच केबल आणि पुढच्या ब्रेकचा होज यांचीही लांबी त्याच बैठकीत तपासतो. नव्या पिढीच्या ३९० ड्यूकसारख्या गाड्यांत एक्सिलरेटरची केबलच नसल्याने तिथे मुठीसाठी हा खटाटोप नाही, फक्त तिच्या वायरिंगची लांबी बघावी लागते.

जुन्या मताचा एक तुकडा मात्र मी सोडलेला नाही. ढील वाजवीपेक्षा जास्त झाली की शहरात गाडी धक्के देत चालते, आणि तो मिस्त्रीचा आळसच असतो.

बुलेटची केबल टाकीभर पेट्रोलपेक्षा स्वस्त मिळते. तेव्हा नवं हँडल बसवून घेतलंत तर गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करा आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवा. आवाज जराही चढला तर गाडी ताब्यात घेऊ नका, आधी केबल बदलून मागा.