खामेच्या काठाने

धर्मग्रामातील भाविकांसमवेत २०१९ साली इटलीच्या तीर्थयात्रेला जाण्याचे भाग्य आम्हा उभयतांना लाभले. रोम, असिसी आणि पदुआ ही पवित्र क्षेत्रे पाहून झाल्यावर एक दुपार व्हेरोना शहरात मिळाली. आदिजे नदी या शहराला वळसा घालून वाहते. काठाकाठाने चालत आम्ही ‘पोन्ते पिएत्रा’ या प्राचीन रोमन पुलावर आलो आणि पलीकडच्या पायऱ्या चढून सान पिएत्रोच्या टेकडीवर पोहोचलो. खाली नदीचे वळण, चर्चचे मनोरे आणि लाल कौलांची घरे दिसत होती. १९४५ च्या एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो पूल सुरुंगाने उडवला होता. व्हेरोनाकरांनी त्याचे दगड नदीच्या तळातून शोधून काढले आणि १९५९ पर्यंत पूल पुन्हा उभा केला. हे ऐकून पत्नी हळूच म्हणाली, “आपल्या खामेच्या काठाने आपण कधी चाललो का हो?”

मला उत्तर देता आले नाही. मुकुंदवाडीत आमचे अर्धे आयुष्य गेले. आमच्या पूर्वेला सुखना आणि शहराच्या पश्चिमेला खाम. दोन्ही नद्या आम्ही आजवर रिक्षात बसून, नाकाला रुमाल लावूनच ओलांडल्या होत्या.

पुढे एका प्रायश्चित्तकाळात, शनिवारी पहाटे, आम्ही दोघे छावणीच्या लोखंडी पुलापासून निघालो. बारापुल्ला दरवाजा मागे टाकून महमूद दरवाजाशी आलो. शेजारीच पाणचक्की. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येथवर आणले गेले. ते उंचावरून हौदात कोसळते आणि त्याच्या बळावर जाते फिरते. सतराव्या शतकातील सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि गोरगरिबांसाठी येथे पीठ दळले जाई. त्या हौदाच्या भिंतीलगतच खाम वाहते. पुढे मक्का दरवाजा आणि मग बीबी का मकबरा. वर संगमरवरी घुमट आणि खाली बराचसा भाग चुन्याच्या गिलाव्याचा. शेवटी लेण्यांच्या डोंगरावर चढलो. मकबरा आणि सारे शहर तेथून एका दृष्टीत मावते. सान पिएत्रोच्या टेकडीची आठवण झाली. सौंदर्यात आपले शहर कोठेच उणे नव्हते. मात्र नदी शोधावी लागत होती.

तेथे बसलो असता मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मान खाली गेली. कित्येक वर्षे नाताळ सरला की आमच्या घरचा गोठा मोडायचो. थर्मोकोलचे डोंगर, चमकी कागद, सुकलेली फुले हे सारे गोणीत भरून मीच रात्री नाल्यात टाकून येत असे. बाळ येशूची मूर्ती तेवढी कापसात गुंडाळून जपून ठेवायची. पापनिवेदनाला कितीदा गेलो, पण ही गोष्ट पाप म्हणून कधी ओठांवर आली नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने पाण्याला भगिनी म्हटले, पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले. दोन्ही गोष्टींवरील प्रवचने मी भक्तिभावाने ऐकली होती. नाला सुखनेला मिळतो, हे जणू मला ठाऊकच नव्हते!

२०२१ पासून महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्थांनी खामेचे पुनरुज्जीवन हाती घेतले. काही ठिकाणी काठ मोकळे झाले, झाडे लागली. आम्हाला निर्धास्त चालता आले ते त्यांच्याच श्रमांमुळे. काम अजून पुष्कळ उरले आहे, आणि ते केवळ त्यांचे नाही.

त्या शनिवारी घरी परतताना पत्नीशी ठरवले, यापुढे गोठा माती, गवत आणि जुन्या कापडाचा. तेव्हापासून तो तसाच होतो. नाताळ सरल्यावर माती कुंड्यांत जाते, कापड पुढच्या वर्षासाठी पेटीत. व्हेरोनाकरांनी नदीतून दगड बाहेर काढले. आपण निदान तिच्यात काही टाकू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.