दुरुस्तीनंतर स्लिप मारणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप मारतो तेव्हा इंजिनाचे फेरे वाढतात, पण त्या मानाने गाडीचा वेग वाढत नाही. ड्रायव्हरच्या भाषेत, नुसती रेस होते, गाडी पळत नाही. लाखभर किलोमीटर चाललेल्या, कधीच न उघडलेल्या गिअरबॉक्समध्ये हे दिसले तर पहिला संशय झिजेवर जातो. नुकत्याच दुरुस्त झालेल्या गिअरबॉक्समध्ये तो कामावर जायला हवा: काय उघडले, काय बदलले, काय तसेच परत बसवले, कोणते ऑइल किती भरले. या चार प्रश्नांची उत्तरे हाती येईपर्यंत पाना उचलू नये. गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवला की पहिल्या कामाच्या बऱ्याच खुणा पुसल्या जातात.

दुरुस्तीनंतरची चाचणी कोणत्या रस्त्यावर घेतली, हेही पाहावे लागते. अष्टविनायकांतली ओझर आणि लेण्याद्री ही दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. नारायणगावहून ओझरला जाणारा रस्ता कुकडीच्या खोऱ्यातल्या बागायतीतून बहुतेक सपाटीनेच जातो. चतुर्थीच्या गर्दीत भरलेल्या गाड्या एसी चालू ठेवून या रस्त्यावर इंचाइंचाने सरकतात. यात्रेच्या या गाड्यांत आता ऑटोमॅटिकही आहेत. इनोव्हा क्रिस्टा 2016 मध्ये सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह आली. 2018 च्या नव्या अर्टिगात चार गिअरचा ऑटोमॅटिक होता, 2022 मध्ये त्याच्या जागी सहा गिअरचा आला. ओझरच्या रस्त्यावर चाचणी घेऊन गाडी ठीक असल्याचा दाखला देणे मात्र धोक्याचे. सपाटीवर हलक्या पायाने क्लच पॅकवर जो भार येतो, त्याच्या कितीतरी पट भार मुरबाडकडून माळशेज घाट चढताना येतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये ऑइलच ताकद वाहून नेते. इंजिनाचा जोर कन्व्हर्टरमधल्या ऑइलच्या प्रवाहातून पुढे जातो. ही युक्ती मुळात जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी 1905 च्या सुमारास जहाजांसाठी शोधली. इंजिनाबरोबर फिरणारा पंप ऑइलला दाब देतो, व्हॉल्व्ह बॉडी तो दाब हव्या त्या वाटेने सोडते आणि पिस्टनमागे गेलेला दाब क्लच पॅक आवळतो. पॅकमध्ये लायनर चिकटवलेल्या आणि साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात. कोणता पॅक आवळला त्यावर गिअर ठरतो. स्लिपची कारणे म्हणून तीनच घरांतली: दाब तयारच होत नाही, तयार झालेला दाब वाटेत गळतो, किंवा दाब पोचूनही प्लेटा पकड घेत नाहीत.

कारण शोधण्याआधी तक्रार खरोखर स्लिपचीच आहे का, हे पाहावे. मॅन्युअल गाडीवरून नुकत्याच ऑटोमॅटिकवर आलेल्या ड्रायव्हरला कन्व्हर्टरचे नेहमीचे वागणेही स्लिपसारखे वाटते. लॉकअप क्लच लागेपर्यंत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या फेऱ्यांत फरक राहणारच. डी लावल्यावर दोन-तीन सेकंदांनी गाडी हलणे हा उशिरा दाब भरण्याचा दोष आहे. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मध्येच रेस चढणे हा सुटणाऱ्या आणि आवळणाऱ्या पॅकच्या वेळा न जुळण्याचा दोष. गिअर लागून गेल्यावरही चढाला फेरे वर जात राहिले, तर ती खरी स्लिप.

सर्वात आधी ऑइलची पातळी पाहावी. पुन्हा उघडण्याचे किती खर्चाचे काम इथेच वाचू शकते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एकूण सात-आठ लिटर मावणाऱ्या गिअरबॉक्समधून ड्रेन प्लग काढल्यावर साधारण तीनेक लिटरच खाली येते; बाकीचे कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि नळ्यांत राहते. मॅन्युअलमध्ये म्हणून दोन आकडे असतात, एक नेहमीच्या ऑइल बदलाचा आणि दुसरा पूर्ण कोरड्या गिअरबॉक्सचा. कन्व्हर्टर रिकामा करून जोडलेल्या गिअरबॉक्समध्ये पहिला आकडा पाहून ऑइल भरले की कित्येक लिटरची तूट पडते. आजच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक नसते. गाडी समपातळीत, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबवून परत पी मध्ये, आणि मग चेक प्लग खोलायचा. ऑइलची पातळ धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. पण हे ठरलेल्या तापमानालाच करायचे. अनेक गिअरबॉक्समध्ये ते 35 ते 45 अंशांच्या आसपास असते. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. चाचणीहून परतलेल्या गाडीचे तापून फुगलेले ऑइल जास्त वाटते, ते सांडून जाते आणि गार झाल्यावर पातळी कमी भरते.

कमी ऑइलची खूण चढावर आणि वळणावर दिसते. गाडीचे नाक वर झाले की चेंबरमधले ऑइल एका बाजूला सरकते, फिल्टरचे तोंड उघडे पडते, पंप हवा ओढतो आणि दाब पडतो. सपाटीवर आले की सारे पूर्ववत. ऑइल जास्त झाले तरी परिणाम तसाच: फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाने पिस्टन आवळला जात नाही. ऑइलचा प्रकारही इथेच तपासावा. प्लेटांची पकड किती कडक, किती सौम्य, हे ऑइलमधली घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये ठरवतात. लाल रंग सारखा दिसला म्हणून दोन ऑइल एक होत नाहीत. कंपनीने सांगितलेला ग्रेडच भरावा, 'सगळ्याला चालते' असे सांगून विकलेला नव्हे. ऑइल बदलल्यावरच स्लिप सुरू झाली, असे मालक अनेकदा सांगतात. पातळी आणि ग्रेड दोन्ही बरोबर असतील तर प्लेटा आधीच संपत आल्या होत्या, हेच बहुधा खरे निघते.

चेंबर उघडला गेला असेल तर फिल्टरकडे पाहावे. जुन्या फिल्टरचा रबरी सील भोकातच चिकटून राहतो आणि नवा फिल्टर त्यावर दाबला जातो. नाहीतर नवा सील बसवताना फाटतो. दोन्ही वेळा पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. गॅस्केटऐवजी थापलेल्या सिलिकॉनचे तुकडे सुटून फिल्टरच्या जाळीवर बसलेलेही दिसतात.

इथवर सारे ठीक असेल तर स्कॅनर लावून मोजणी करावी. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्यांचे दोन वेगळे सेन्सर असतात. चार गिअरच्या नेहमीच्या रचनेत तिसरा गिअर सरळ, म्हणजे एकास एक. तिसऱ्यात दोन्ही आकडे सारखे हवेत. चढाला आत 2,400 आणि बाहेर 2,000 दिसले, तर मधले 400 फेरे एखाद्या पॅकमध्ये नुसती उष्णता होऊन जात आहेत. कंट्रोलरही हाच हिशोब करतो आणि पी 0730 पासूनचे गुणोत्तर चुकल्याचे कोड नोंदवतो; पी 0731 पहिल्या गिअरचा, पी 0733 तिसऱ्याचा. कोड पुसून गाडी परत देणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून फक्त नोंद खोडणे.

आता कोणत्या गिअरात कोणता पॅक लागतो, याचा तक्ता समोर ठेवावा. यासारखे स्वस्त आणि धारदार हत्यार या कामात दुसरे नाही. अनेक गिअरबॉक्समध्ये तिसऱ्यासाठी आणि रिव्हर्ससाठी एकच डायरेक्ट क्लच असतो. स्लिप या दोन्हींत आहे, पहिल्या-दुसऱ्यात नाही, म्हटल्यावर संशय एका पॅकवर आणि त्याच्या वाटेवर येतो. सर्व गिअरांत असेल तर पंप, फिल्टर किंवा मुख्य दाब. त्याची खातरजमा प्रेशर गेजने करावी. ब्रेक पक्का दाबून रेस देण्याची स्टॉल टेस्ट करायचीच झाली तर मॅन्युअल परवानगी देत असेल तरच आणि पाच सेकंदांच्या आत. तेवढ्यातच कन्व्हर्टरमधले ऑइल झपाट्याने तापते. गार असताना स्लिप आणि तापल्यावर बरे, तर कडक झालेले सील. उलट असेल तर पातळ झालेल्या ऑइलला वाट देणारी गळती.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर पिस्टनच्या सीलच्या ओठांवर बारकाईने नजर टाकावी. पिस्टन ड्रममध्ये सरळ दाबला की ओठ दुमडतो किंवा कडेला चिरतो. ही चीर इतकी बारीक असते की सील बोटांनी ताणल्याशिवाय ती दिसत नाही, आणि तेवढी दाब सोडायला पुरते. नव्या लायनर प्लेटा बसवण्याआधी त्याच ऑइलमध्ये भिजवाव्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला करपतात. पॅकमधली फट फीलर गेजने मोजावी. शेवटी वाटेच्या भोकातून मर्यादित दाबाची हवा सोडावी. पिस्टन बसल्याचा ठक् असा भरीव आवाज आला आणि फुसफुस नसली, तर ती वाट शाबूत. हे पाच मिनिटांचे काम टाळले जाते याची खंत वाटते, कारण पुढे त्याचीच किंमत पूर्ण गिअरबॉक्स उतरवून मोजावी लागते. कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पुरता बसला की नाही, हे बोल्ट आवळण्याआधी खोली मोजून ठरवावे. बोल्टांनी ओढून बसवला तर पंप फुटतो.

कूलर बहुतेक सर्वांच्या नजरेतून सुटतो. करपलेल्या प्लेटांचा चुरा त्याच्या नळ्यांत साठतो आणि धुतला नाही तर नव्या पॅकमध्ये परत येतो. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळून ते गुलाब सरबतात दूध घातल्यासारखे दिसते. अशा ऑइलात लायनर प्लेटवरून सुटतात. नुसते ऑइल बदलून ती गाडी वाचत नाही.

जोडणी बिनचूक होऊनही स्लिप राहिली तर कंट्रोलरच्या आठवणी पुसाव्यात. जुन्या झिजलेल्या प्लेटांना किती दाब कधी द्यायचा, हे तो शिकलेला असतो, आणि नव्या प्लेटांनाही तेच देत राहतो. रिसेटनंतर कंपनीच्या क्रमाने गाडी चालवून त्याला नव्याने शिकवावे लागते. 2014 च्या सेलेरिओपासून रुळलेल्या एएमटीत तर याशिवाय भागतच नाही. तिथे क्लच साधा कोरडाच असतो, फक्त यंत्र तो दाबते. प्लेट बदलून नवा स्पर्शबिंदू शिकवला नाही तर नवीन प्लेटही स्लिप मारते. सीव्हीटीचा मामला निराळा: तिथे पोलादी पट्टा पुलीवर घसरतो, पुलीला ओरखडे पडतात आणि प्रयोगांना जागा उरत नाही.

शेवटची चाचणी भरलेल्या गाडीने, ऑइल पूर्ण तापल्यावर, चढावर घ्यावी आणि ठरलेल्या तापमानापर्यंत गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. वाटेत स्लिप सुरू झाली तर दामटत नेऊ नये; करपलेली प्लेट मिनिटांत निकामी होते. बंद इंजिनात पंपही बंद असतो, म्हणून ओढून नेताना ज्या चाकांना जोर मिळतो ती जमिनीवर फिरू देऊ नयेत. अर्टिगाची पुढची चाके उचलावीत, इनोव्हा क्रिस्टाची मागची, आणि मिळाला तर सरळ सपाट ट्रक बोलवावा.