परटाची खूण

एका पानावरचं बटण हिरवं करायला जावं आणि भलत्याच पानावरचं बटण हिरवं व्हावं, हे आमच्या धंद्यातलं फार जुनं दुखणं आहे. वेबसाइट बनवणाऱ्या कुणालाही विचारा. आधी हसेल, मग उसासा टाकेल. आज त्याच दुखण्याबद्दल थोडं लिहायचं आहे. घरच्या वाचकांनी घाबरू नये, कोडची एक ओळही इथे येणार नाही. :-)

वेबच्या पानाचा मजकूर आणि सांगाडा एका भाषेत लिहितात, ती एचटीएमएल. त्याचं रंगरूप दुसऱ्या भाषेत, ती सीएसएस. रंगरूपाचे नियम ज्या फायलीत असतात ती स्टाइलशीट. नियम साधारण असा असतो: ‘ज्याच्यावर बटण हा शिक्का आहे, त्याचा रंग हिरवा.’ या शिक्क्याला आम्ही क्लास म्हणतो. आता गंमत अशी, की हा नियम कुणी लिहिला, कुठल्या पानासाठी लिहिला, याच्याशी ब्राउझरला काही देणंघेणं नसतं. त्याला तो शिक्का जिथे जिथे दिसेल, तिथे तिथे तो हिरवा रंग फासून मोकळा होतो.

यात सीएसएस करणाऱ्यांचा काही दोष नाही. हॉकॉन व्हिउम ली यांनी सर्नमध्ये असताना १० ऑक्टोबर १९९४ रोजी ही कल्पना मांडली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती मान्य झाली. त्या वेळी वेब म्हणजे मुख्यतः वाचायचे कागद. कागदाचं रूप लिहिणाऱ्याने सुचवावं, वाचणाऱ्यानेही आपली आवड सांगावी, आणि दोघांचे नियम एकावर एक ओघळत येऊन शेवटचं रूप ठरावं, अशी ती समजूतदार योजना होती. नावातल्या ‘कॅस्केडिंग’चा अर्थ तोच. एका घरातल्या कागदपत्रांसाठी ती उत्तम होती. ‘हे बटण माझं, ते तुझं’ असा प्रश्नच तिथे नव्हता.

पुढे वेबवर बँका आल्या, तिकिटांच्या खिडक्या आल्या, अख्खी कचेरी आली. एकाच साइटवर निरनिराळ्या टोळ्या काम करू लागल्या. मग सगळं सुटं करून बांधायची पद्धत आली. तारीख निवडायचा चौकोन, शोधायची पट्टी, बटण, असा एकेक भाग वेगळा घडवायचा आणि हवा तिथे बसवायचा. या सुट्या भागांना कंपोनंट म्हणतात. फेसबुकने मे २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट सर्वांना खुलं केलं, तेव्हापासून तर ही पद्धत घरोघरी पोचली.

पण झालं काय, की सांगाडा सुटा झाला, वागणूक सुटी झाली, रंगरूप मात्र एकाच ढिगात पडत राहिलं. वाड्यात बिऱ्हाडं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या, पण कपडे वाळत घालायची दोरी एकच! मग कुणाचा सदरा कुणाच्या अंगात जाईल याचा नेम नाही.

यावर पहिला उपाय होता शिस्तीचा. रशियातल्या यांडेक्स कंपनीत ‘बेम’ नावाची पद्धत निघाली. प्रत्येक शिक्क्याच्या नावात आधी भागाचं नाव, मग त्यातल्या तुकड्याचं, मग त्याच्या प्रकाराचं. शाळेच्या डब्यावर आई मुलाचं नाव घालून देते ना, तसं. पद्धत चांगलीच होती. फक्त ती सगळ्यांनी, रोज, अगदी घाईतसुद्धा पाळायला हवी. आणि घाई नसलेली कचेरी मी अजून पाहिली नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकच्याच क्रिस्टोफर शेदो याने एक भाषण दिलं. मोठ्या प्रमाणावर सीएसएस लिहिताना येणाऱ्या सात अडचणी त्याने मोजून सांगितल्या. सगळी नावं सामाईक असतात, ही पहिलीच. पण मला त्यातल्या दुसऱ्या दोन जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे मेलेले नियम काढता येत नाहीत. दुसरी, नियम कुठल्या क्रमाने पोचतील याची खात्री नसते. त्यांच्याकडे येतोच.

आधी नावांचं काय झालं ते सांगतो. २०१५ मध्ये सीएसएस मॉड्यूल्स आली. ती नेमकं काय करतात? परीट करायचा तेच. दहा घरचे कपडे एकाच भट्टीत जायचे, पण प्रत्येक घरची छोटीशी खूण कॉलरच्या आत काळ्या शाईने घातलेली असायची. घालणाऱ्याला ती दिसायची नाही, परटाला मात्र पुरायची. इथेही तसंच. लिहिणाऱ्याने आपल्या फायलीत खुशाल ‘बटण’ असं लिहावं. साइट बांधणारं हत्यार, म्हणजे बिल्ड टूल, त्या नावाला चार-पाच अगम्य अक्षरांचं शेपूट जोडून देतं. दुसऱ्या भागातल्या ‘बटण’ला दुसरं शेपूट. व्ह्यू आणि स्वेल्ट यांच्यातही आपापल्या तऱ्हेची अशीच खूण असते. माणसांच्या शिस्तीवर सोडलेलं काम यंत्राकडे गेलं.

या खुणेने टक्कर टळली, हे तर झालंच. पण माझ्या मते तिचा खरा उपयोग वेगळा आहे. ती आली आणि नियम काढून टाकता येऊ लागले.

जुन्या स्टाइलशीटचा एक स्वभाव असायचा. ती फक्त वाढायची. नवा माणूस येई, खाली चार ओळी जोडी. वरच्या ओळींना हात लावायची कुणाची छाती नसे, कारण त्या कुठे कुठे वापरल्या आहेत हे कुणालाच ठाऊक नसे. माळ्यावरच्या पातेल्यासारखं! कुणाचं ते माहीत नाही, गेल्या दहा वर्षांत खाली आलेलं नाही, पण भंगारात द्यायचं म्हटलं की घरातले सगळे ‘राहू दे’ म्हणतात.

ही अडगळ फुकट नसते. इंटरनेट एक्स्प्लोररच्या नवव्या आवृत्तीपर्यंत एका पानाला ३१ स्टाइलशीट आणि एका स्टाइलशीटमध्ये ४०९५ सिलेक्टर एवढीच मर्यादा होती. सिलेक्टर म्हणजे नियमातला ‘कुणासाठी’ हा भाग. त्यापुढचे नियम ब्राउझर चक्क सोडून द्यायचा, तक्रारसुद्धा न करता. तो ब्राउझर २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला, म्हणून अडगळ निवृत्त झाली असं नाही. मे २०२० मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी आपल्या नव्या बांधणीबद्दल लिहिलं, त्यात जुन्या साइटचा हिशोब आहे. मुख्य पान उघडताना दाबून बसवलेलं ४०० केबीहून जास्त सीएसएस यायचं, उलगडल्यावर २ एमबी. त्यातलं पहिल्या दर्शनाला लागायचं फक्त १० टक्के!

आणि याचे पैसे कोण भरतो? लिहिणारा नाही. स्टाइलशीट पुरती हाती आल्याशिवाय ब्राउझर सहसा पान रंगवत नाही. म्हणजे एसटी स्टँडवर उभं राहून, दोन काड्यांच्या रेंजवर कुणी तिकीट काढत असेल, तर आपल्या माळ्यावरची सगळी पातेली आधी त्याच्या फोनवर उतरतात. तोवर तो पांढरा पडदा बघत बसतो.

खूण असली की हे बदलतं. नियम ज्या भागाचे, त्या भागाशेजारीच राहतात. भाग काढला की त्याचे कपडेही त्याच्याबरोबर जातात. कुणाला विचारावं लागत नाही.

तर मग दुखणं संपलं म्हणायचं का? नाही. इथे ती क्रमाची अडचण येते, आणि तिच्यावर परटाची खूण चालत नाही.

दोन नियम सारख्याच वजनाचे असतील, तर जो नंतर आला तो जिंकतो, हा सीएसएसचा मूळ कायदा. एका ठिकाणी याचा असा अनुभव आला. अर्जाच्या पानावरचं बटण राखाडी दिसतं, दाबता येईल असं वाटतच नाही, अशी ग्राहकांची तक्रार होती. आम्ही पान उघडलं की बटण हिरवंगार. दोन दिवस हाच खेळ. शेवटी कळलं, की तक्रार करणारे सगळे आधी सवलतींच्या पानावर जाऊन मग अर्जाकडे येत होते. साइट तुकड्यातुकड्याने उतरत होती, ज्या पानाला जे लागेल ते तेव्हा. सरळ आलं, तर बटणाचा मूळ नियम आधी आणि अर्जाच्या पानाने त्यावर चढवलेला नियम नंतर. सवलतींवरून आलं, तर नेमकं उलट. कुणाचीही ओळ चुकीची नव्हती, खुणाही जागच्या जागी होत्या. बिघाड होता तो वाटेत!

याचे इलाज आहेत, आणि ते फार अवघडही नाहीत. पहिला म्हणजे बाहेरच्या भागाने आतल्या भागाच्या अंगावर आपले कपडे चढवू नयेत. बटणाला ‘मुख्य’ किंवा ‘दुय्यम’ एवढंच सांगावं, रंगाचं त्याचं तो बघेल. दुसरा म्हणजे २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत असलेले लेअर, म्हणजे थर. पायाभूत नियम खाली, भागांचे त्यावर, पानांचे सर्वांत वर, हा क्रम सुरुवातीलाच एकदा जाहीर करायचा. मग कुठलाही तुकडा कधीही येवो, तो आपल्याच थरात जाऊन बसतो.

मधल्या काळात आणखीही वाटा निघाल्या. २०१६ मध्ये स्टाइल्ड कंपोनंट्स आलं. त्यात जावास्क्रिप्टच नियम लिहितं, आणि तेही पान चालू असताना. लिहिणाऱ्याला हे फार सोयीचं. पण नियम तयार करायची मेहनत वाचणाऱ्याच्या फोनला पडते. रिअ‍ॅक्टची स्वतःची कागदपत्रंसुद्धा आता पान चालू असताना असे नियम घुसवू नका म्हणतात. दुसरी वाट बारीक नियमांची. ‘रंग हिरवा’ हा नियम अख्ख्या साइटमध्ये एकदाच, ज्याला हवा त्याने तो शिक्का लावून घ्यावा. २०१७ मध्ये आलेल्या टेलविंडची जात हीच. फेसबुकनेही २०२० मध्ये हाच मार्ग धरला आणि मुख्य पानाचं सीएसएस ८० टक्क्यांनी घटलं.

कुठली वाट चांगली, यावर आमच्या जमातीत हमरीतुमरी चालते. मी त्यात पडत नाही. कुठलंही नवं हत्यार आलं की मी दोनच प्रश्न विचारतो. एक भाग काढून टाकला, तर त्याचे सगळे नियम आपोआप जातात का? आणि आलेला माणूस कुठल्याही वाटेने आला, तरी त्याला तेच रूप दिसतं का? दोन्हींना ‘हो’ असेल, तर बाकी आवडीनिवडीचा मामला.

जोडायला सगळ्यांना येतं. पण आपण नोकरी सोडून गेल्यावर, आपल्याला फोन न करता, आपलं लिहिलेलं कुणाला निर्धास्तपणे काढून टाकता यावं, एवढी सोय मागे ठेवायला हवी. पुढच्या माणसावर ते आपलं ऋणच असतं म्हणा ना, फक्त ते कुणाला दिसत नाही. कॉलरच्या आतल्या खुणेसारखं.

असो. बरंच लांबलं. ज्यांच्या घरी अजून माळा आहे, त्यांनी या रविवारी एक तरी पातेलं खाली काढावं.