आधी झोई विकम, मग भाभा

एम.ए.ला मुंबई विद्यापीठात, कालिन्यात असताना मी वसाहतोत्तर साहित्याचा पेपर घेतला तो होमी भाभांच्या नावामुळे. मुंबईत १९४९ साली जन्मलेला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेला पारशी माणूस, आणि जगभरच्या इंग्रजी विभागांतली मुलं त्याच्या ‘द लोकेशन ऑफ कल्चर’शी झटापट करतात, याचा मला उगाचच अभिमान होता. पुस्तक मात्र महाकठीण. एकेक वाक्य तीनतीनदा वाचावं लागे. गाभा असा, की जेता आणि जित यांच्या संस्कृती एकमेकींना भिडल्या की दोघींपैकी एकही सोवळी राहत नाही. मधे एक तिसरीच जागा तयार होते आणि तिथे सत्तेचा दरारा डळमळतो. मुंबईकराला हे पटायला कितीसा वेळ लागणार? वडापावातला बटाटा, मिरची आणि पाव, तिन्ही पोर्तुगीजांमार्फत आलेले. वर्गात अशा उदाहरणांची नुसती चढाओढ लागली.

मग पेपरातला दक्षिण आफ्रिकेचा भाग सुरू झाला आणि कौतुक आवरतं घ्यावं लागलं.

नॅशनल पार्टी १९४८ साली तिथे सत्तेवर आली. पुढच्याच वर्षी गोऱ्यांच्या इतर वंशीयांशी लग्नावर बंदी आली, १९५० साली त्यांच्यातले शरीरसंबंधही कायद्याने गुन्हा ठरले. त्याच वर्षी प्रत्येक माणसाचा वंश सरकारदप्तरी नोंदवण्याचा कायदा झाला. गोरे, काळे आणि या दोन्हींत न बसणारे ‘कलर्ड’. शंका आली तर केसांत पेन्सिल खुपसून बघत. ती खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातल्या माणसांची नोंद वेगवेगळ्या वंशांत झाल्याची उदाहरणं आहेत. वर्गात ज्याचं कोडकौतुक चाललं होतं तो संकर इथे फौजदारी गुन्हा होता, आणि आधीच होऊन गेलेल्या संकराला ओळखपत्रावर एक रकाना होता.

हा रकाना आतून कसा असतो हे मला झोई विकमच्या ‘यू कान्ट गेट लॉस्ट इन केप टाउन’मुळे कळलं. १९८७ सालचा हा कथासंग्रह, एकमेकींत गुंतलेल्या कथांचा. नायिका फ्रीडा शेंटन ही कलर्ड मुलगी. शीर्षककथेत तिला गोऱ्या प्रियकरापासून दिवस गेलेत. प्रेमही बेकायदा, गर्भपातही बेकायदा. गर्भपात करणारी बाई तिला विचारते, की तू कलर्ड तर नाहीस ना? फ्रीडा नाही म्हणते, आणि तिच्या शिकल्यासवरल्या बोलण्यामुळे ते खपूनही जातं. भाभा म्हणतात ती मधली जागा ही. इथे सत्ता कुठे डळमळली? डळमळते ती मुलगी. (याच संग्रहात आधी मेलेली आई शेवटच्या कथेत जिवंत असते आणि लेकीच्या लिखाणावर तोंडसुख घेते. विकम वाचकाला सुखाने बसू देत नाही.)

भाभांनी आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नेडिन गॉर्डिमरची ‘माय सन्स स्टोरी’ (१९९०) ही कादंबरी घेतली आहे. त्यातलं कलर्ड कुटुंब त्यांना त्या अधल्यामधल्या जगण्याचं उदाहरण वाटतं. १९९८ साली विकमने एका निबंधात या वाचनाला हरकत घेतली. तिचा मुद्दा १९९४च्या निवडणुकीशी जोडलेला आहे. देशाने मंडेलांना निवडलं, पण वेस्टर्न केप प्रांतात नॅशनल पार्टी जिंकली, तीही कलर्ड मतांच्या बळावर. ज्या पक्षाने या लोकांना केप टाउनमधल्या डिस्ट्रिक्ट सिक्ससारख्या वस्त्यांतून उठवलं, त्यालाच त्यांनी मत दिलं. हे समजायचं तर संकराच्या गौरवाने भागत नाही, असं ती म्हणते. गुलामगिरीतून आणि परजातीच्या संबंधांतून आलेली, पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवलेली लाज बघावी लागते. माझ्या शोधनिबंधाची दिशा त्या निबंधाने ठरवली. मुंबईचा सिद्धान्तकार आणि केपची लेखिका यांच्या वादात मी लेखिकेच्या बाजूने उभी राहिले. तोंडी परीक्षेत त्यावरून बरीच खडाजंगी झाली.

तरी भाभांना मोडीत काढता येत नाही. वर्णद्वेषी राजवटीने आफ्रिकान्स ही गोऱ्यांची भाषा म्हणून मिरवली, तिच्या सक्तीविरुद्ध १९७६ साली सोवेतोची शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली आणि गोळ्यांना बळी पडली. त्याच भाषेतलं सुरुवातीचं काही लेखन अरबी लिपीत आहे, केपच्या मुसलमानांचं. डचांनी आग्नेय आशियातून आणि आपल्या बंगाल-मलबारकडूनही नेलेल्या गुलामांचे वंशज त्या समाजात आहेत. अरबी लिपीतल्या त्या लेखनापैकी अबू बकर एफेंदींचं ‘बयान-उद-दीन’ १८७७ साली इस्तंबूलला छापलं गेलं. शुद्धतेचा दावा किती पोकळ असतो, याला याहून चोख पुरावा नको.

आता मी हाच विषय शिकवते तेव्हा क्रम उलटा ठेवते. आधी विकमच्या कथा, मग वंशनोंदणीचा कायदा, भाभा सगळ्यांत शेवटी. तुम्हीही याच क्रमाने वाचा. कथासंग्रह छोटा आहे, आणि भाभांपेक्षा कितीतरी सोपा.